‘येतो’ न म्हणता

नागपूरला मामांकडे गेलं की रात्री जेवणं झाल्यावर एकमेकांना काहीतरी वाचून दाखवायचं, ही आमची जुनी रीत. या हिवाळ्यात मी वाचायला काही नेलं नव्हतं. एक चित्रपट नेला होता. पान नलिन यांचा ‘संसार’, २००१ सालचा, लडाखमध्ये चित्रित झालेला, लडाखी आणि तिबेटी बोलणारा. मी तो पुण्यात शिकत असताना पाहिला, आणि त्याच्या शेवटच्या दहा मिनिटांनी मनात जे ढवळलं ते अजून खाली बसलेलं नाही. मामांनी आयुष्यभर पाली शिकवली. आंबेडकरी घरातला माणूस, तरुणपणी श्रामणेर शिबिरात दहा दिवस चीवर घालून राहिलेला. त्यांच्या शेजारी बसून हा चित्रपट पाहावा, असं फार दिवस मनात होतं.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. ताशी पाचव्या वर्षी गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, आलेला. मोठा झाल्यावर तीन वर्षं, तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस एकांतात ध्यानाला बसतो. वाढलेले केस, वाकडी झालेली नखं अशा अवस्थेत त्याचे गुरू आपो आणि सोबती त्याला घोड्यावर घालून परत आणतात. त्याला ‘खेन्पो’ ही पदवी मिळते, आणि त्याच सुमारास त्याचं शरीर जागं होतं. छम नृत्याच्या दिवशी बाळाला पाजणाऱ्या एका बाईवरून त्याची नजर हलत नाही. पुढे एका शेतकऱ्याच्या घरी त्याला पेमा दिसते. मग एका रात्री तो गोम्पा सोडतो, नदीत आंघोळ करून साधे कपडे चढवतो, पेमाच्या बापाच्या शेतावर मजुरी करतो आणि तिच्याशी लग्न करतो. कर्मा नावाचा मुलगा होतो. ताशी पिकं काढतो, मापात पाप करणाऱ्या धान्यव्यापाऱ्याशी वैर घेतो, दर हंगामात येणाऱ्या सुजाता नावाच्या मजुरणीशी एकदा संग करतो. आपोचं शेवटचं पत्र येतं. त्यात विचारलेलं असतं की हजार इच्छा पुऱ्या करणं मोठं, की एकच जिंकणं. आणि ताशी पुन्हा एका रात्री उठतो, झोपलेल्या बायकोकडे आणि मुलाकडे पाहतो आणि निघून जातो. गोम्पाच्या वाटेवर, कोरीव दगडांच्या मणी भिंतीपाशी, पेमा त्याच्यासमोर उभी राहते. ती त्याला सिद्धार्थाच्या बायकोबद्दल, यशोधरेबद्दल विचारते.

चित्रपट संपला तेव्हा साडेअकरा झाले होते. मामांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

मामा : तुला शेवटाबद्दल बोलायचंय, हे कळतंय मला. पण मी सुरुवातीला अडकलोय. पाच वर्षांच्या पोराच्या अंगावर चीवर चढवलं. त्याने काय सोडलं? हातात कधी नव्हतंच ते सोडणार कसं?

मी : ताशी आपोला हेच तर सांगतो. बुद्धाला एकोणतीस वर्षं घर मिळालं, बायको मिळाली, मूल मिळालं. मला पाचव्या वर्षापासून नुसता त्याग मिळाला. त्या एकोणतीस वर्षांचाही बोधीत वाटा नसेल कशावरून, असं त्याचं म्हणणं. मला तो युक्तिवाद बिनतोड वाटतो.

मामा : अर्धा बिनतोड आहे. आपल्या विनयात, भिक्खूंच्या नियमांत, उपसंपदेला, म्हणजे पूर्ण भिक्खू व्हायला, वीस वर्षं पुरी लागतात. श्रामणेर व्हायलाही पंधरा लागतात. पुढे बुद्धाचा शिष्य आनंद याच्या माहितीतलं एक कुटुंब साथीत गेलं आणि दोन पोरं उघडी पडली, तेव्हा अपवाद झाला. कावळे हाकलण्याइतकं पोर मोठं असेल तर घ्यावं. म्हणजे लहान मुलासाठी संघाचं दार उघडलं ते अनाथाच्या पोटासाठी. साधनेसाठी नव्हे.

मी : लडाखमध्येही पोटच होतं, मामा. तिथलं शेत पाण्यावर, पाणी हिमनदीच्या वितळण्यावर. जमीन भावाभावांत वाटली तर कुणाचंच भागायचं नाही. म्हणून भावांनी मिळून एकच बायको करायची, आणि एखादा मुलगा गोम्पाला द्यायचा. बहुपतित्व १९४१ मध्ये कायद्याने बंद झालं. मुलगा देणं चालू राहिलं.

मामा : हे चित्रपटात कुठे आहे?

मी : नाही.

मामा : तेच म्हणतोय. गोम्पा म्हणजे जणू मनातली एक खोली. बाहेर वासना, आत शांती. तो गोम्पा कुणाच्या धान्यावर चालतो, पोरं कुठून येतात, हे कुणी दाखवत नाही. आणि हा ताशी मला लडाखी वाटतही नाही.

मी : शॉन कू. अमेरिकेतला नर्तक. पेमा झालेली क्रिस्टी चुंग हाँगकाँगच्या चित्रपटांतली नटी. बाकी पुष्कळ चेहरे तिथलेच आहेत.

मामा : सुंदर माणसं आहेत. सुंदर डोंगर आहेत. सगळंच इतकं देखणं की दुःखाला बसायला जागा राहत नाही.

इथे मला त्यांच्याशी भांडावंसं वाटलं, आणि मी भांडले. मोहाची गोष्ट सांगायची आणि पाहणाऱ्याला मोह पडू द्यायचा नाही, हा खोटेपणा झाला असता. पेमा दारात उभी राहिली की ताशीबरोबर आपलीही साधना डळमळली पाहिजे. सातू कापताना उडणारा भुसा, उन्हात वाळणारी कणसं, त्या दोघांचे देह, हे सगळं नुसतं सजावटीपुरतं नाही. तो संसाराच्या बाजूचा पुरावा आहे. दिग्दर्शकाने तो प्रामाणिकपणे आणि भरपूर मांडला, म्हणूनच नंतर त्यातला जाच कळतो. जळालेलं शेत, व्यापाऱ्याशी मारामारी, मनात मुरलेला संशय हे सगळं त्याच घरात, त्याच उन्हात घडतं.

मामा : ठीक. पण मग तो म्हातारा साधू त्याला चित्रं दाखवतो, त्याचं काय?

मी : ती रतिक्रीडेची चित्रं. उजेडासमोर धरली की त्यांतली माणसं सांगाडे होतात.

मामा : ती अशुभ भावना. ‘विसुद्धिमग्गा’त प्रेताच्या दहा अवस्थांवर ध्यान सांगितलंय. फुगलेलं, निळं पडलेलं, शेवटी नुसती हाडं. ज्याला रागचरित म्हणतात, म्हणजे ज्याचा मूळ पिंडच आसक्तीचा, त्याच्यासाठी ते औषध. ताशीला ते लागू पडलं नाही. का, सांग.

मी : कारण तरुण शरीर चित्राला भीत नाही.

मामा : तसं नाही. कारण रोग वेगळा होता. नीट आठव. पहिल्यांदा त्याची नजर कुठे अडकली? पाजणाऱ्या आईवर. पाचव्या वर्षी आईपासून तुटलेलं पोर आहे ते. त्याला स्पर्श हवा होता, कुशी हवी होती. तुम्ही त्याला सांगाडे दाखवता! उपाशी माणसाला अजीर्णाचं औषध देता!

मी चित्रपट तीनदा पाहिलाय. हे मला कधी दिसलं नव्हतं.

मामा : आणि ताशीला झोपेत जे होतं, त्यावरून एवढा घोर कशाला? स्वप्नातल्या स्खलनाला विनयात दोष नाही, तसं स्पष्ट वगळलंय. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना शरीर कळत होतं. भिक्खूंनीच केलेला एखादा चित्रपट आहे का? आतून पाहिलेला?

मी : आहे. ‘द कप’, १९९९ चा. दिग्दर्शक ख्येन्त्से नोर्बू भूतानचे, स्वतः रिन्पोचे. हिमाचलमधल्या बीरला, तिबेटी निर्वासितांच्या मठात चित्रित केला, आणि भूमिकाही तिथल्याच भिक्खूंनी केल्या. १९९८ ची फुटबॉलची अंतिम लढत, फ्रान्स आणि ब्राझील. ऑर्ग्येन नावाच्या पोराला ती बघायचीच असते. भाड्याने टीव्ही आणायला पैसे कमी पडतात. मग तिबेटातून नुकत्याच आलेल्या एका लहानग्याचं घड्याळ गहाण पडतं. घरून येताना त्याच्याकडे आईची तेवढी एकच वस्तू.

मामा : आणि?

मी : सामना सुरू होतो, सगळे बसलेले, आणि ऑर्ग्येनचं लक्ष लागत नाही. त्या पोराचा उतरलेला चेहरा त्याला दिसत राहतो. चालू सामन्यातून उठून तो आपल्या खोलीत जातो आणि घड्याळ सोडवण्यासाठी काय काय विकता येईल ते शोधू लागतो.

मामा : (थोडं थांबून) धम्म हा असा असतो. इच्छा झाली, ती पुरवली, आणि पुरवताना दुसऱ्याचं काय गेलं ते दिसलं. ताशीला ते दिसत नाही. हजार इच्छा की एक, हा आपोचा प्रश्नच मला अपुरा वाटतो. दोन्हीकडे मोजणी आपल्याच इच्छांची.

मी : मग ताशीचा दोष काय? वासना?

मामा : नाही. तो न सांगता जातो. दोनदा.

हे त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. मी मात्र उठून बसले. मला पेमाला सोडून गेलेली रात्रच तेवढी आठवत होती. पण गोम्पातूनही तो तसाच गेला होता, अंधारात, आपोला न विचारता. त्याच्या ओळखीचा कुत्रा साध्या कपड्यांत त्याला पाहून भुंकतो. दोन्ही वेळा तीच नदी, तसंच कपडे बदलणं. पहिल्या वेळी आपल्याला तो धीट वाटतो, कारण तो आपल्या बाजूला, संसाराकडे येत असतो. दुसऱ्या वेळी निष्ठुर वाटतो. कृती एकच आहे. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. स्मशानात जायचं नसेल तर ‘येतो’ म्हण, असं आजी रागवायची. मामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, विनयात तर चीवर उतरवायचीसुद्धा रीत आहे.

मामा : सिक्खापच्चक्खान म्हणतात त्याला. घेतलेली शिक्षा परत करणं. त्यात लाज नाही, शिक्षा नाही. थायलंडमध्ये तर तरुण पोरं थोड्या दिवसांसाठी भिक्खू होतात आणि घरी येतात. अट एवढीच, की ते बोलून दाखवायचं, आणि ज्याला समजतंय अशा माणसासमोर बोलायचं. वेड्यासमोर बोललं तर चालत नाही. ज्याला तुझी भाषा कळत नाही त्याच्यासमोर चालत नाही. मनातल्या मनात तर मुळीच नाही. तिबेटी परंपरेचा विनय वेगळ्या शाखेचा, मूलसर्वास्तिवादाचा, पण व्रत परत करण्याची रीत तिथेही आहे. हा खेन्पो झालेला माणूस. याला ते माहीत नसेल?

मी : आपो अडवणार नव्हताच. त्याला सगळं आधीच कळलेलं असतं.

मामा : म्हणून तर वाईट वाटतं. एका वाक्याचं काम होतं. मी दहा दिवसांनी चीवर परत केलं तेव्हा भंतेंसमोर बसून, हात जोडून, मोठ्याने म्हणालो होतो. गळा दाटला होता माझा. दहाच दिवस होते ते.

मग आम्ही पेमाकडे वळलो. तिचं ते बोलणं इथे उतरवून काढायचं नाही, ते तिच्याच तोंडून ऐकायला हवं. पण तिचा मुद्दा असा: सिद्धार्थ, गौतम, बुद्ध ही नावं सगळ्यांना माहीत, यशोधरा कुणाला माहीत आहे? आजाऱ्यांविषयीची करुणा आधी तिच्या ठायी असेल, बोधीचं ऋण तिचंही असेल. कदाचित तिलाही निघून जायचं असेल. पण झोपलेलं मूल टाकून, एक शब्द न बोलता निघणं पुरुषालाच जमतं. आई तसं करू शकत नाही.

मामा : बाई बोलली छान. पण ती ज्या रात्रीबद्दल बोलते ती रात्र झालीच नाही.

मी : म्हणजे?

मामा : ‘अरियपरियेसन सुत्त’ काढ. बुद्ध स्वतः सांगतोय घर सोडल्याचं. आईवडिलांची इच्छा नव्हती, ते रडत होते, त्यांच्यादेखत केस उतरवले आणि काषाय वस्त्रं घातली. रात्र नाही, घोडा नाही, झोपलेली बायको नाही. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’मध्ये यावरच बोट ठेवलं. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून गेला ही पुढची कथा. त्यांनी ‘अत्तदण्ड सुत्ता’च्या आधाराने कारण शोधलं ते शाक्य-कोलियांच्या भांडणात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना तर प्रस्तावनेतच विचारलं, की एकोणतीस वर्षांच्या माणसाला त्याआधी म्हातारा दिसलाच नव्हता, हे पटतं का? त्यांच्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, शाक्यांचा संघ त्याच्या विरुद्ध जातो, आणि घरच्यांवर बहिष्कार नको म्हणून तो स्वतः देशत्याग पत्करतो. आणि यशोधरेला तो सांगून जातो. ती संमती देते. राहुल नसता तर मीही आले असते, अशा अर्थाचं बोलते.

मी : मामा, हे मी लहानपणापासून तुमच्याकडून ऐकत आले, आणि मला ते आवडतं. पण आज थोडं खुपतंय. संमती देणारी यशोधराही पुरुषानेच लिहिली ना? तिने ‘जा’ म्हटलं की पेमाचा प्रश्न गप्प होतो.

मामा : बाबासाहेबांनी तिला बोलू दिलं. आधीच्या कथेत ती झोपलेली होती. झोपलेल्या बाईला प्रश्न विचारता येत नाही, उत्तरही देता येत नाही. तिला जागं करणं ही काय लहान गोष्ट आहे?

मी : लहान नाही. पण कोसंबींचंच घ्या. १८९९ च्या अखेरीला ते गोव्याहून बुद्धाच्या ओढीने निघाले, तेव्हा घरी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी होती. सिलोनला जाऊन ते भिक्खू झाले.

मामा : परत आले ते. चीवर ठेवलं, संसार केला. गणिती दामोदर कोसंबी त्यानंतरचे, १९०७ चे. ‘विसुद्धिमग्गा’वर काम करायला हार्वर्डला गेले, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. ते नसते तर मी पाली शिकलो नसतो, आणि तू इथे बसून माझ्याशी भांडली नसतीस.

मी : हे खरंय. आणि मधली वर्षं बाळाबाईंनी काढली, हेही खरंय. मला कोसंबींना दोष द्यायचा नाही. मला एवढंच विचारायचंय, की संघात घेताना माणसाला विचारतात ना, कर्ज आहे का, राजाचा शिपाई आहेस का, आईबापांची परवानगी आहे का? बायकोची परवानगी आहे का, असं विचारतात?

मामा काही बोलले नाहीत. माझा प्रश्न त्यांना नवा नव्हता. वर्गात तो कुणीतरी विचारलेला असणार.

मामा : भिक्खूला नाही विचारत. भिक्खुणीला विचारतात. आईबाप आणि नवरा, दोघांची लागते. नवऱ्याच्या परवानगीवाचून बाईला उपसंपदा दिली तर देणाऱ्या भिक्खुणीला दोष लागतो.

मी : मग पेमा चुकीचं काय बोलली?

मामा : नियमाबद्दल बरोबर बोलली. बायांबद्दल चुकली. आई जाऊ शकत नाही म्हणते. ‘थेरीगाथा’ काय आहे मग? घर सोडून गेलेल्या बायांची बोलणी आहेत ती. मुत्ता थेरी उखळातून, मुसळातून आणि नवऱ्यातून सुटल्याचा आनंद सांगते. बाईला घर प्रियच असतं, असं ठरवून टाकू नका.

मी : आणि पटाचारा? किसा गोतमी? मुलं गेल्यावर निघाल्या त्या. सुटका म्हणून नव्हे.

मामा : सगळ्या नव्हे. धम्मदिन्नेची गोष्ट सांगितलीय तुला?

सांगितली होती, पण मी नाही म्हणाले. ती त्यांच्या तोंडून ऐकावीशी वाटते.

राजगृहाचा विशाख हा धम्मदिन्नेचा नवरा. अट्ठकथेत, म्हणजे पाली टीकेत, येतं, की बुद्धाचं ऐकून तो घरी आला आणि नेहमीसारखा तिने पुढे केलेला हात त्याने धरला नाही. तिने विचारलं, माझं काही चुकलं का? त्याने सगळं सांगितलं. आपलं मन आता स्पर्शात उरलेलं नाही. हे घर, ही संपत्ती तुझी. इथे राहा किंवा माहेरी जा, जसं तुला हवं. ती म्हणाली, मग मलाच प्रव्रज्या घेऊ दे. त्याने तिला सोन्याच्या पालखीतून भिक्खुणींकडे पाठवलं. तो गृहस्थच राहिला. पुढे ती परतली तेव्हा हा तिच्यासमोर बसून एकेक प्रश्न विचारतो, आणि ती उत्तरं देते. ‘चूळवेदल्ल सुत्त’ ते. विशाखाने ती उत्तरं बुद्धाच्या कानावर घातली, तेव्हा मीही हेच सांगितलं असतं, असं बुद्ध म्हणाला.

मामा : वासना गेली तरी त्याने बायकोशी बोलणं टाकलं नाही. आधी सांगितलं, मग तिला वाट दिली, आणि शेवटी तिच्यापुढे शिष्यासारखा बसला. अडीच हजार वर्षांपूर्वी. आणि तुझा ताशी तिला उठवतसुद्धा नाही!

मी : ही गोष्ट माझीही फार लाडकी आहे. पण आपल्याच ग्रंथात संगामजीही आहे, मामा. ‘उदाना’तला.

त्यांनी मान खाली घातली. संगामजीची पूर्वाश्रमीची बायको मूल घेऊन श्रावस्तीला येते. आम्हाला पोस, म्हणते. तो बोलत नाही. ती मूल त्याच्यापुढे ठेवून लांब जाऊन वळून पाहते. तो मुलाकडे बघतही नाही. ती मूल उचलून घेऊन जाते. आणि बुद्ध संगामजीची स्तुती करतो.

मामा : ते मी कधी नीट शिकवू शकलो नाही. परीक्षेपुरतं शिकवलं. अनासक्तीचा अर्थ सांगितला, व्याकरण सांगितलं. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून बाहेर गेली होती. लग्न झालेली होती. मी तिला थांबवलं नाही, नंतर विचारलंही नाही.

मी : तुम्हाला ते पटतं का?

मामा : नाही. बाबासाहेबांनी विचारलं होतं, भिक्खू हा फक्त स्वतः परिपूर्ण होणारा माणूस आहे की समाजाचा सेवक? नुसता स्वतःपुरता असेल तर तो धम्माच्या कामाचा नाही. संगामजी मला त्या पहिल्या खणातला वाटतो. ताशीही. तीन वर्षं गुहेत बसला तो स्वतःसाठी, पेमाकडे गेला तो स्वतःसाठी, परत निघाला तोही स्वतःसाठी.

मी : त्या व्यापाऱ्याशी भांडला तो?

मामा : हो. तेवढं मात्र मान्य. मापातली चोरी उघडी पाडली, गावाचं धान्य लेहला नेलं. मला वाटलं, आता हा खरा भिक्खू होतोय, बायकापोरांत राहून. पण त्यातही लवकरच सूड शिरला.

एव्हाना बारा वाजून गेले होते. मामा उठून पाणी पिऊन आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, त्या मजुरणीबद्दल तू अजून एक शब्द बोलली नाहीस.

मी : सुजाता.

मामा : नाव मुद्दाम ठेवलंय. उरुवेलेत खीर देऊन ज्या बाईने गौतमाला मरणापासून ओढून आणलं तिचं नाव. बोधगयेहून नदी ओलांडली की बकरौरला तिच्या नावाचा स्तूप आहे, मी पाहिलाय. आणि इथे ती कोण? खालच्या मुलखातून हंगामाला येणारी मजूर बाई, दुसऱ्याच्या शेतात राबणारी. तिचं घर, तिची मुलं, तिचा नवरा, काही माहीत नाही. पेमा गावाला गेली तेव्हा मालकाने तिला जवळ केलं. पेमाला यशोधरेची कैफियत मांडायला मिळाली. सुजाताला काय मिळालं? मजुरी?

मी : ती स्वतःहून आली होती, मामा. चित्रपट तिला ओढून आणलेली दाखवत नाही. तिलाही इच्छा आहे.

मामा : असेल. गरीब बाईलाही इच्छा असते, ते नाकारत नाही मी. पण ज्याच्या हातून मजुरी घ्यायची त्याला ‘नाही’ म्हणायची सोय असते का, हे आपल्या आयाबहिणींना विचार. तुझी आजी दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची. संध्याकाळी मालकाच्या ओट्यावर हिशोबाला एकटी जायची नाही. माझं बोट धरून न्यायची. मी सहा वर्षांचा होतो, मला वाटायचं मला गूळ मिळावा म्हणून नेते.

यावर मी काही बोलले नाही. पान नलिन यांनी स्त्रीच्या बाजूने बोलणारा इतका निर्भय शेवट लिहिला, आणि तरीही त्यात एका स्त्रीला जागा मिळाली नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. चित्रपटावरचं माझं प्रेम त्याने कमी झालं नाही. आता मात्र तो पाहताना पेमाच्या मागे, सातूच्या शेतात वाकलेली ती दुसरी बाई दिसत राहणार.

मी : मामा, कर्माचं काय होईल? सकाळी उठल्यावर पेमा त्याला काय सांगेल?

मामा : राहुलला जे सांगितलं ते. तो सात वर्षांचा होता. बुद्ध कपिलवस्तूला आला तेव्हा यशोधरेने पोराला पुढे केलं. ते तुझे वडील, जा, वारसा माग. पोर मागे मागे चालत गेलं, वारसा द्या म्हणत. आणि बुद्धाने सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली.

मी : म्हणजे तिचं तेही गेलं.

मामा : शुद्धोदन धावत आला. म्हणाला, तू गेलास तेव्हा दुःख झालं, तुझा भाऊ नंद गेला तेव्हा झालं, पण राहुल गेला तेव्हा ते कातडी चिरून, मांस चिरून हाडापर्यंत पोचलं. यापुढे आईबापांच्या परवानगीवाचून कुणाचं मूल घेऊ नका. बुद्धाने ते ऐकलं. नियम केला. मातापितूहि, असा शब्द आहे. आई आधी येते, आपल्या ‘आईबापां’सारखी.

मी : शब्दात आधी येते. राहुलला घेताना तिला विचारलं होतं?

मामा : आजोबा आले, बोलले, ते सगळं ‘महावग्गा’त आहे. ती काय म्हणाली, ते नाही.

ते पुन्हा खुर्चीत बसले. चष्मा लावला.

मामा : शेवटचा भाग परत लाव. ती भिंतीपाशी येते तिथून. आवाज जरा वाढव.